कॅनन १५००डी कॅमेरा बदलू की लेन्स घेऊ? तालीम, फुटबॉल आणि घरगुती कार्यक्रम, बजेट ६० हजार

मंगळवारपेठ_फ्रेम

नमस्कार मंडळी. बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) कॅनन १५००डी, बरोबर आलेल्या दोन लेन्स: १८-५५ एमएम (हा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) एफ/३.५-५.६ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) आणि ५५-२५० एफ/४-५.६. फोटो तीन जागी काढतो. कुस्तीच्या तालमीतला संध्याकाळचा सराव (आत फक्त ट्यूबलाइट), कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या दुपारच्या मॅच गॅलरीतून, आणि ओळखीतली बारशी-साखरपुडे हॉलमध्ये.

तालमीतले फोटो बाद जातात. एफ/५, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) ६४०० ठेवूनही शटर १/१६० सेकंदापेक्षा वेगवान होत नाही. चेहरा ओळखू येतो, हातपाय फिसकटतात, वर सगळीकडे दाणे.

६० हजार आहेत, वर एक रुपया नाही. दुकानात गेलं की मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घ्या म्हणतात. दोस्त म्हणतात बॉडीला हात लावू नको, लेन्स घे. कारण मात्र कोणीच सांगत नाही. तुम्ही कारणासकट सांगा.

एफस्टॉप_शिवाजीपेठ

भावा, आकडे तूच दिलेस, त्यावरच हिशेब करू.

एफ/५ वर १/१६० मिळतंय. त्याच उजेडात, त्याच आयएसओला एफ/२.८ ची लेन्स लावलीस तर उजेड ३.२ पट, म्हणजे शटर १/५००. एफ/१.८ लावलीस तर साडेसात पटींहून जास्त, शटर १/१२५० च्या आसपास. किंवा १/५०० वरच थांबायचं आणि आयएसओ ६४०० वरून २५०० वर आणायचा. हातपाय थांबले आणि दाणेही कमी झाले, दोन्ही कामं एकाच लेन्समध्ये.

आता बॉडीकडे बघ. आर१० (कॅननचा मिररलेस) चा सेन्सर तुझ्या १५००डी एवढाच, एपीएस-सी मापाचा. नवा आहे म्हणून दाण्यांत थोडा फरक पडेल, पण तुला लागणारा तिप्पट उजेड त्यातून येणार नाही. फुल फ्रेमचा (त्याहून मोठ्या मापाचा) सेन्सर क्षेत्रफळानं २.५६ पट, म्हणजे फायदा सव्वा ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). त्यावर तुझी १८-५५ अडॅप्टरनं लावलीस की बॉडी आपोआप क्रॉप करते (फक्त मधला भाग घेते) आणि २४ मेगापिक्सेलचे साडेनऊ उरतात. फायदा तिथंच गेला.

अजून एक गोम दुकानात सांगत नाहीत. आर१० किंवा आर५० बरोबर येणारी १८-४५ लेन्स एफ/४.५-६.३ आहे. तुझ्या जुन्या किट लेन्सपेक्षा अंधारी! पैसे गेले आणि उजेड कमी झाला, असला प्रकार.

५० एमएम एफ/१.८ एसटीएम घे. दहा हजारांच्या आगेमागे येते, वजन १६० ग्रॅम. बाकीचे पैसे ठेव.

तांबडी_माती

एफस्टॉपदादा, हिशेब बरोबर, पण तालमीत उभं राहून ५० एमएम लावायची तर भिंत फोडायला लागेल. १५००डी वर ४ मीटरवरून ५० एमएममध्ये मावतं १.८ मीटर बाय १.२ मीटर. कॅमेरा उभा धरला तरी जोड कशीबशी बसते, डोक्यावर जागा नाही. पट (पाय धरायचा डाव) काढला, जोड आडवी झाली की एकाचे पाय फ्रेमबाहेर. ३५ एमएमला त्याच अंतरावर २.५ बाय १.७ मीटर मिळतं, २४ एमएमला ३.७ बाय २.५. खासबागेसारख्या उघड्या मैदानात लांबून काढायचं तर गोष्ट वेगळी, तिथं ५५-२५० दिवसा मस्त चालते.

दुसरं म्हणजे फोकस. ५० एमएम एफ/१.८ वर ४ मीटर अंतरावर धारदार पट्टा जेमतेम ४४ सेंटिमीटरचा. जोड फिरत असते. १५००डी ला फोकस पॉइंट ९, त्यातला क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेघा पकडणारा) फक्त मधला एक. बाजूचे पॉइंट ट्यूबलाइटच्या उजेडात आणि मातीनं माखलेल्या, कॉन्ट्रास्ट नसलेल्या अंगावर चाचपडत बसतात. सेकंदाला ३ फ्रेम. म्हणजे लेन्सनं शटर वाढेल, पण फोकस मागच्या भिंतीवर गेलेले फोटो तसेच राहतील.

तिसरं ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुना चोक असलेली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. १/१०० ला एक पूर्ण फेरा फ्रेममध्ये येतो, फोटो सारखे दिसतात. १/५०० ला फेऱ्याचा पाचवाच हिस्सा येतो. मग एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्याचा खालचा अर्धा भाग पिवळसर. शटर वाढवलंस की हा नवा त्रास सुरू होणार. यावरचा अँटी-फ्लिकर १५००डी मध्ये नाही. ७डी मार्क २, ८०डी, आर१० मध्ये आहे, बॉडी योग्य क्षणी शटर सोडते. तुझ्या तालमीतल्या ट्यूबा कशा आहेत ते फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढून बघ. लपलप दिसली तर हा मुद्दा लागू, नाही दिसली तर सोडून दे.

माझं मत: जुनी ७डी मार्क २ बघ. ६५ पॉइंट, सगळे क्रॉस-टाइप, सेकंदाला १० फ्रेम, आणि तुझ्या दोन्ही लेन्स तशाच बसतात. २०१४ ची बॉडी आहे, २० मेगापिक्सेलच आहेत, पण धावपळीच्या फोटोंसाठीच केलेली.

पंचगंगा_घाट

दोघंही बाद फोटो न बघताच औषध देताय. आधी नाडी बघा की.

फ्रेमभाऊ, गेल्या तीन-चार महिन्यांतले तालमीतले फेकायचे फोटो एका फोल्डरमध्ये काढ आणि १०० टक्क्यांवर उघडून चार ढीग कर.

पहिला: मागची भिंत, दोरखंड, गदा धारदार, पैलवान मात्र फिसकटलेला. हे शटर कमी पडल्यामुळं. इलाज उजेड, म्हणजे लेन्स. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथं काही करत नाही, ते तुझा हात थांबवतं, पैलवानाला नाही.

दुसरा: फ्रेममधलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं. हात हलला. खर्च शून्य, कोपर बरगडीला टेक.

तिसरा: दुसरंच काहीतरी धारदार, समोरचा माणूस मऊ. फोकस चुकला. इथं बॉडीचा दोष असेल, सेटिंगचा असेल किंवा लेन्स-बॉडी जुळणीचा.

चौथा: सगळं जागेवर, फक्त दाणे. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढत नसशील तर आधी ते सुरू कर, आणि फोटो अंडर (काळपट) काढून नंतर उजळवू नकोस. दाणे तिथूनच वर येतात.

मग प्रत्येक फोटोचा फोकल लेंग्थ (लेन्स किती एमएमवर होती ते) बघ. लाइटरूममध्ये मेटाडेटा फिल्टर आहे, फुकटात डिजीकॅमही चालतं. कुठल्या एमएमवर तू खरंच उभा असतोस ते कळल्याशिवाय लेन्सचं नाव घेऊ नका.

मंगळवारपेठ_फ्रेम

बसून केलं. तालमीतले बाद फोटो २१२. फिसकटलेले १२४, फोकस चुकलेले ६१, हात हललेले ९, नुसते दाणे १८. फोकल लेंग्थ बहुतेक सगळी २४ ते ४० मध्ये. ५० च्या वर फार थोडे. फोकस चुकलेल्यांत जवळजवळ सगळे मागं गेलेले, भिंतीवर. स्लो मोशनमध्ये लपलप दोन ट्यूबांना दिसते, बाकीच्या चार स्थिर.

फुटबॉलचे बाद फोटो बघितले तर शटर १/४०० च्या आसपास, सगळे २५० एमएमवर आणि वर क्रॉप.

एफस्टॉप_शिवाजीपेठ

मग ५० एमएमचा माझा सल्ला मागे. माती म्हणतोय ते बरोबर निघालं.

२४ ते ४० मध्ये राहायचं तर एफ/२.८ चा १७-५० झूम. सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस (स्टॅबिलायझेशनवाली) वापरलेली मिळते. एफ/२.८ ला १/५०० आणि आयएसओ ६४००, म्हणजे दाणे आत्ताएवढेच, पण १२४ चा ढीग बराच उतरेल. दाणेही कमी हवेत तर ३५ एमएम एफ/२, पण मग झूम नाही आणि बारशाला पुन्हा १८-५५ वर जायला लागणार. तुझी तीन कामं बघता झूमच. फिल्टर ७७ एमएमचा लागेल, आत्ताचे ५८ वाले बसणार नाहीत.

फुटबॉलला सध्या काही घेऊ नको. मोड टीव्ही (शटर आपण ठरवायचं, बाकी बॉडी), शटर १/१०००, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल ३२००. उजेड कमी पडला की बॉडी आधी ॲपर्चर (लेन्सचं तोंड, एफचा आकडा) पूर्ण उघडते, मग आयएसओ चढवते. २५० एमएमवर ६० मीटरवरच्या खेळाडूभोवती फ्रेम ५.३ मीटर रुंद येते, उंची ३.६. म्हणजे माणूस अर्ध्या फ्रेमएवढा, त्यावर क्रॉप परवडतो. पलीकडच्या गोलपोस्टपाशी नेम धरू नको. मार्च-एप्रिलच्या दुपारी मैदानावरची हवा थरथरते, तिथं लाखाची लेन्सही मऊच फोटो देते.

तांबडी_माती

६१ फोटो फोकसचे आहेत, ते विसरू नका. लेन्स घेतली तरी ते राहणारच.

आधी फुकटातलं कर. एएफ (ऑटोफोकस) मोड एआय सर्वो (हलत्या माणसाचा फोकसनं पाठलाग करणारा), पॉइंट फक्त मधला. आपोआप निवडीवर ठेवलंस तर बॉडी ज्याला कॉन्ट्रास्ट जास्त तिकडं पळते, आणि तालमीत कॉन्ट्रास्ट भिंतीवरच्या फोटोंना असतो, पैलवानाला नाही. तुझे फोटो मागं जातायत ते बहुधा यामुळंच. कस्टम फंक्शनमध्ये शटर/एई लॉक बटणाला ‘एई/एएफ, नो एई लॉक’ दे. मग फोकस अंगठ्याखालच्या चांदणीच्या बटणावर येतो: धरलं की पाठलाग, सोडलं की थांबला. मधे वस्ताद आडवे गेले तर अंगठा सोडायचा. नेम चेहऱ्यावर नको, लांगेच्या (लंगोटाच्या) काठावर धर, तिथं कपडा आणि कातडी यांची रेघ मिळते.

एवढं करूनही चुकत असेल तर वर्तमानपत्राची चाचणी. पान ४५ अंशांत टेकव, कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी, मधला पॉइंट एका ओळीवर. प्रत्येक वेळी फोकस अनंतावर नेऊन मग १० फोटो. नंतर लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून) तेच १०. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवर होतो म्हणून तो बरोबर येतो. व्ह्यूफाइंडरचे दहाच्या दहा एकाच बाजूला सरकले असतील तर जुळणीत दोष. १५००डी मध्ये फोकस मायक्रो-ॲडजस्टमेंट (फोकस पुढं-मागं सरकवून जुळवायची सोय) नाही, त्यामुळं सर्व्हिस सेंटरशिवाय इलाज नाही. ती १७-५० सिग्माच्या यूएसबी डॉकवरही (लेन्स संगणकाला जोडून फोकस जुळवायचं साधन) बसत नाही. वापरलेली घेताना ही चाचणी स्वतःच्या बॉडीवर केल्याशिवाय पैसे मोजू नको.

लपलपीला तूर्त उपाय: त्या दोन ट्यूबा बदलून घे. वस्तादांना विचार, बॉडी बदलण्यापेक्षा ट्यूब स्वस्त.

रंकाळा_सांज

वापरलेल्या लेन्सबद्दल थोडं. मागच्या बाजूनं मोबाइलची टॉर्च तिरकी मारून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी, घेऊ नका. बारीक धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. मग बॉडीवर लावून एफ/८ ला, १७, ३५ आणि ५० तिन्ही ठिकाणी फोटो काढा. पूर्ण उघडी असताना नीट चालते आणि एफ/८ ला ‘एरर ०१’ येतो, असं झालं तर आधी सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या कापडानं पुसून बघा. तरी आला तर आतली ॲपर्चरची फ्लेक्स केबल (पातळ पट्टीसारखी वायर) गेलेली असण्याची शक्यता जास्त, अशा झूममध्ये ती झूम करता करता तुटते.

पावसाळ्यात आपल्याकडं लेन्स चामड्याच्या बॅगेत ठेवायची नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० मध्ये. निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरायचं. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तांदूळ खायला ठेवा, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते.

हॉलसाठी फ्लॅश घ्याच, लेन्सच्या आधी घेतला तरी चालेल. पण १५००डी च्या हॉट-शूला (फ्लॅश बसवायची वरची खाच) मधली पिन नाही. साधा एका पिनेचा मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर उडतच नाहीत. कॅननसाठीचा ई-टीटीएल (बॉडीशी बोलून उजेड ठरवणारा) फ्लॅश मागा आणि स्वतःच्या बॉडीवर उडवून बघा. सुरुवातीला मोड एम (सगळं हातानं), १/१२५, एफ/४, आयएसओ ८००, फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडं. पाळण्यातल्या बाळावर सरळ मारायचा नाही. तालमीत तर फ्लॅश बॅगेतच.

मंगळवारपेठ_फ्रेम

म्हणजे आत्ता १७-५० वापरलेली आणि फ्लॅश. उरलेले ठेवतो. एआय सर्वो आणि अंगठ्याचं बटण महिनाभर वापरून ६१ चा ढीग किती उतरतो ते बघतो. नाही उतरला तर ७डी मार्क २. एकच राहिलं, चैत्र यात्रेला जोतिबावर ही लेन्स नेली तर चालेल ना?

तांबडी_माती

गुलालात झूम नेऊ नको. झूम पुढं-मागं करताना ती भात्यासारखी हवा ओढते, गुलाल आत. १५००डी ला सेन्सर स्वतः झटकायची सोयही नाही. नेलीसच तर डोंगरावर चढायच्या आधी लेन्स लावून टाक, वर असताना बदलू नको, बॉडीला पारदर्शक पिशवी आणि रबर बँड, पुढं फिल्टर. घरी आल्यावर आधी ब्लोअर, तोंडानं फुंकर नाही, ओलं कापड तर नाहीच. ओला झालेला गुलाल रबराच्या रिंगमधून निघत नाही.