आरसी ३९०: प्रश्न चार मिलिमीटरचा आहे

केटीएमच्या नव्या आरसी ३९० या स्पोर्ट बाइकमध्ये त्याच कंपनीच्या ड्यूक ३९० चेच ३९९ सीसीचे इंजिन येणार असेल, तर फेअरिंगखेरीज (बाहेरच्या आवरणाखेरीज) त्यात नवे काय, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. जुन्या ३७३ सीसीवरून ३९९ वर जाताना केटीएमने बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमीच ठेवला आणि स्ट्रोक (पिस्टनचा सिलिंडरमधला प्रवास) ६० वरून ६४ मिमी केला, त्यामुळे ३९ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क (चाक फिरवणारा जोर) साडेसहा हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवरच, मिळतो. घाटातल्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना जुने इंजिन कमी फेऱ्यांवर चेनला हिसके देते. हा फरक तिथे जाणवेल. ट्रॅकवर मात्र हिशेब उलटतो. दहा हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरवरून २१.३ मीटरवर जातो, म्हणजे वरच्या टोकाला इंजिन ताणायला वाव कमी.

माझी खरी उत्सुकता रचनेबद्दल आहे. चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकमध्ये मागचा मोनोशॉक (एकच शॉक अॅब्सॉर्बर) मध्यरेषेवरून बाजूला सरकवल्याने इंजिनाला हवा पुरवणाऱ्या मोठ्या एअरबॉक्सला जागा झाली आणि सीटही खाली आली. आरसीने यातला एअरबॉक्स जरूर उचलावा, खालची सीट मात्र नको. बुटक्या रायडरांची नाराजी पत्करूनही स्पोर्ट बाइकची सीट उंचच हवी, कारण वजन पुढच्या चाकावर टाकायचे असते.