मदत हवी आहे: आईच्या बायोप्सीत म्युसिनस (चिकट स्राव बनवणाऱ्या पेशींची) वाढ, ऑपरेशनआधी स्लाइड पुन्हा तपासून घ्याव्यात का?

आई ६३ वर्षांची, आम्ही लालबागला राहतो. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. गणपतीनंतर पुन्हा अंगावरून जायला लागलं, पण तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कपडे भिजत घालताना वहिनीच्या लक्षात आलं म्हणून कळलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ११ मिमी. पाळी गेल्यावर रक्त जात असेल आणि अस्तर ४ मिमीपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासावाच लागतो, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी क्युरेटिंग केलं, म्हणजे अस्तर खरवडून काढलं. आधी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली आहे.

रिपोर्ट असा: "अटिपिकल म्युसिनस ग्लँड्युलर प्रोलिफरेशन. वेल डिफरन्शिएटेड कार्सिनोमा नाकारता येत नाही." थोडक्यात, म्युसिन बनवणाऱ्या ग्रंथींची वेगळीच वाढ, आणि सौम्य दिसणारा कॅन्सर असूही शकतो. म्हणजे कॅन्सर आहे की नाही? डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाकू. दादा म्हणतो, रिपोर्टच ठाम नाही तर घाई कशाला. बाबा दोघांनाही मान डोलावतात. परळला टाटामध्ये स्लाइड दाखवाव्यात, की त्यात उगाच वेळ जाईल?

प्रतिसाद १
पॅथॉलॉजीत आहे म्हणून लिहितो. रिपोर्ट देणाऱ्याने अंग काढून घेतलेलं नाही. म्युसिन बनवणाऱ्या पेशी अस्तरात साध्या मेटाप्लेझियातही (पेशींचा प्रकार बदलणं, कॅन्सर नव्हे) दिसतात, पॉलिपवरही आणि कॅन्सरमध्येही. गोची ही की यातला कॅन्सरसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली फार साळसूद दिसतो, केंद्रकं लहान आणि एकसारखी. म्हणून ग्रंथींची मांडणी बघावी लागते: दाटीवाटीने चिकटल्यात का, चाळणीसारखी भोकं पडलीत का. क्युरेटिंगमध्ये सुटे तुकडे येतात, ग्रंथींभोवतालचा स्ट्रोमा (आधार देणारा भाग) नीट मिळत नाही, मग आत शिरकाव झालाय का हे ठरवणार कशावरून?

माझ्या मते खरा प्रश्न निराळाच आहे. ही वाढ अस्तरातली की गर्भाशयमुखातली? मुखाच्या ग्रंथी मुळातच म्युसिन बनवतात आणि तिथला अडिनोकार्सिनोमा (ग्रंथींचा कॅन्सर) हुबेहूब असाच दिसू शकतो. ऑपरेशन केवढं करायचं ते यावर ठरतं. त्यासाठी आयएचसी करतात, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं स्टेनने रंगवून बघतात; ईआर, पी१६ वगैरे ही त्या प्रथिनांची नावं. ईआर, पीआर, व्हिमेंटिन पॉझिटिव्ह आणि पी१६ तुटक तुटक असेल तर कौल अस्तराकडे. पी१६ सलग गडद आणि ईआर-पीआर निगेटिव्ह असेल तर मुखाकडे. पण म्युसिनस वाढी हे नियम बऱ्याचदा मोडतात, त्यामुळे एकाच स्टेनवर विसंबू नका. एमआरआयमध्ये गाठ कुठे आहे तेही बघायला सांगा.

टाटामध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकचा रिव्ह्यू होतो, जरूर करा. नुसत्या स्लाइड नकोत, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागा. नवे स्टेन त्यावरूनच होतात. टॅमॉक्सिफेनचा अस्तरावर परिणाम होतो, म्हणून तिचा उल्लेख फॉर्मवर ठळक करा. दादाला मात्र सांगा, रिव्ह्यू म्हणजे ऑपरेशन टाळणं नव्हे. या वयात असा रिपोर्ट आल्यावर पिशवी बहुधा काढावीच लागते.

धागाकर्ती
खूप आभार! लॅबवाले ब्लॉक द्यायला कां-कूं करतायत. "स्लाइड न्या ना, त्यावर भागतं" म्हणे.

प्रतिसाद २
आईच्या सहीचा लेखी अर्ज आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्या, देतात. हातात पडल्यावर ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी तिथल्या तिथे ताडून घ्या. आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण असतं ते.