‘फॉर सेफर साइड’ चुकीचं का?

प्रश्न: खानापूर रोड
बेळगावात ‘सेफर साइड’ सगळ्यांच्या तोंडी आहे. “सेफर साइडला आधारच्या दोन झेरॉक्स काढून ठेव” हे तर रोजचंच. पण इंग्रजी अर्जात ‘फॉर सेफर साइड’ लिहिलं की तपासणारा खाली लाल रेघ मारतो. नेमकं चुकतं कुठं? आणि त्या जागी ‘बेटर सेफ दॅन सॉरी’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: शब्दवेडा
इंग्रजीतला ठरलेला प्रयोग ‘टु बी ऑन द सेफ साइड’ असा आहे. आपण मनात “सेफ्टीसाठी” म्हणतो, त्या ‘साठी’चा ‘फॉर’ होतो. ‘सेफर’ तर तुलनेचं रूप, आणि इथं तुलना कशाशीच नाही. ‘द’ गळतो कारण मराठीत तसलं काही नसतंच. ‘इन सेफ साइड’ही दिसतं, तेही चूक.

अर्थ: गरजेपेक्षा थोडं जास्त करून ठेवणं. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलेलं असेल म्हणून वीस मिनिटं आधी निघालात, तर ‘वुई लेफ्ट अर्ली, टु बी ऑन द सेफ साइड’. घटना कालची असो की उद्याची, ‘टु बी’ बदलत नाही. पुढं कारण जोडायचं असेल तर मात्र हा प्रयोग कामाचा नाही, तिथं ‘इन केस’ घ्या: ‘टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’. म्हणजे छत्री आत्ताच घ्या, पाऊस येवो न येवो.

बँकेच्या किंवा सरकारी पत्रात ‘ॲज अ प्रिकॉशन’ जास्त शोभतं. मराठी बोलताना ‘सेफर साइड’ खुशाल म्हणा, तो आता आपलाच शब्द झालाय.

उत्तर: निपाणीकर
‘बेटर सेफ दॅन सॉरी’ अर्जात नको. ते एक सुटं वाक्य आहे, कुणी “एवढं कशाला?” म्हटलं की द्यायचं उत्तर. त्यातला ‘सॉरी’ माफीचा नाही, पश्चात्तापाचा आहे. “मागाहून हळहळण्यापेक्षा आधी काळजी घेतलेली बरी” हा त्याचा भाव. “सॉरी म्हणण्यापेक्षा सुरक्षित राहा” असं भाषांतर फलकांवर वाचायला मिळतं, त्यात अर्थच पळून जातो.

‘सेफ अँड साउंड’ यात मिसळू नका. तो संकट टळल्यावरचा शब्द, आपला ‘सुखरूप’. तिथला ‘साउंड’ म्हणजे धडधाकट, आवाजाशी त्याचा संबंध नाही. जर्मनमधला ‘गेझुंड’, म्हणजे निरोगी, हा त्याचा भाऊबंद. आवाजाचा ‘साउंड’ लॅटिनमधून आलाय.

उत्तर: उद्यमबाग
ड्रॉइंग आणि रिपोर्टपुरतं सांगतो. हिशेबानं १० मिमीचा बोल्ट पुरत असताना १२ चा घातला, तर कामगाराशी बोलताना ‘ऑन द सेफ साइड’ ठीक. रिपोर्टमध्ये त्यातून काहीच कळत नाही, कारण किती सेफ? आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, काँक्रीटच्या ताकदीला १.५ नं आणि सळईच्या ताकदीला १.१५ नं भागतात. तसा आकडा लिहा. अंदाज मुद्दाम सुरक्षित बाजूला धरला असेल तर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणतात. (पुराणमतवादी नव्हे! असं भाषांतरही पाहण्यात आलंय.)

खानापूर रोड
समजलं. मग अर्जात ‘आय हॅव अटॅच्ड बोथ कॉपीज, टु बी ऑन द सेफ साइड’ बरोबर?

शब्दवेडा
व्याकरणानं बरोबर. पण वाचणाऱ्याला वाटेल, कुठली प्रत लागते हे तुम्हालाच ठाऊक नाही. ‘बोथ कॉपीज आर अटॅच्ड’ एवढं बास.

निपाणीकर
आणि मराठीत नेमका शब्द हवा असेल तर आपल्याकडं आहेच की: “असूंदे.” “दोन झेरॉक्स काढ, असूंदे.” शेजारचा कन्नड माणूसही तिथं ‘इरली’च म्हणतो.