मदत हवी आहे : सीआरएममधला सेल्स फोरकास्ट – झोहो, हबस्पॉट, पाइपड्राइव्ह की ओडू?

मांजराकाठ :

नमस्कार मंडळी. विक्रीचा अंदाज (सेल्स फोरकास्ट) काढायला सीआरएम, म्हणजे गिऱ्हाईकं आणि सौदे नोंदवायचं सॉफ्टवेअर, निवडायचंय. लातूर एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. धान्य साफ करायची यंत्रं बनवतो : ग्रेडर, डिस्टोनर, एलिव्हेटर. गिऱ्हाईक म्हणजे डाळमिलवाले, आडते आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या. अण्णा (वडील) शॉपफ्लोअर बघतात, विक्री आणि हिशेब माझ्याकडे. चार पोरं फिरतीवर असतात, नांदेडपासून बीडपर्यंत.

आजवरचा आमचा फोरकास्ट म्हणजे अण्णांचा अंदाज. पाऊस कसा झाला, आडत बाजारात सोयाबीन काय भावाने चाललंय, एवढं बघून ते म्हणायचे, "दिवाळीपर्यंत सात ग्रेडर जातील," आणि सहा तरी जायचेच. 2024 ला मात्र गणित फसलं. सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. आडत्यांनी हात आखडता घेतला. आमच्या शेडमध्ये तीन तयार यंत्रं फेब्रुवारीपर्यंत ताडपत्रीखाली उभी, त्यातला पैसा अडकला तो वेगळाच.

आता बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) रिन्यूअल आहे. लहान उद्योगांना खेळतं भांडवल पुढच्या वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के धरून देतात, म्हणजे माझा अंदाज फुगला तर लिमिट फुगणार आणि ते वापरलं की व्याजही. मॅनेजर साहेबांनी स्पष्ट विचारलं, "हा आकडा कशावरून?" अण्णांच्या अनुभवावरून, असं फाइलमध्ये लिहिता येत नाही.

म्हणून ट्रायल घेतल्या. झोहोमध्ये माणसागणिक टार्गेट टाकता येतं, त्यासमोर झालेली विक्री आणि पाइपलाइन (अजून न ठरलेले सौदे) दिसते, वर्ष एप्रिलपासून धरता येतं. हबस्पॉट दिसायला सगळ्यात सुटसुटीत, पण फोरकास्ट फुकटच्या प्लॅनमध्ये नाही, त्यासाठी प्रोफेशनल घ्यावा लागतो आणि तो आमच्या ऐपतीच्या बाहेर आहे. पाइपड्राइव्हमध्ये महिन्यांचे रकाने असतात. डीलचं कार्ड उचलून पुढच्या महिन्यात टाकलं की तारीख आपोआप बदलते. पोरांना तेच सगळ्यात आवडलं आणि मला तिथंच शंका आली.

उदाहरण देते. गंगाखेडकडची एक शेतकरी कंपनी, 14 लाखांचं युनिट. जूनमध्ये कोटेशन दिलं, तारीख टाकली 31 जुलै. मग 31 ऑगस्ट. मग 30 सप्टेंबर. नोव्हेंबर उजाडला तरी कार्ड पुढंच सरकतंय, आणि दर महिन्याच्या फोरकास्टमध्ये 14 लाखांचे 75 टक्के (सौदा जमायची शक्यता), म्हणजे साडेदहा लाख, दिमाखात बसलेत. अनुदानाची पूर्वसंमती कधी येईल ते त्यांच्या अध्यक्षांनाही माहीत नाही. यावर कुठल्या टूलमध्ये इलाज आहे? आणि एवढ्याशा धंद्याला एआयवाला प्लॅन घ्यावा का?

वाळूजचा पाना :

ताई, आधी एक सांगा. ते 75 टक्के तुम्ही ठरवलेत का सॉफ्टवेअरमध्ये आयतेच होते?

मांजराकाठ :

आयतेच होते. झोहोत 'प्रपोझल/प्राइस कोट' (कोटेशन दिलं) या स्टेजला 75, त्यापुढच्या 'निगोशिएशन'ला 90.

वाळूजचा पाना :

तिथंच पाणी मुरतंय. झोहो आणि सेल्सफोर्स (हेही असंच एक सीआरएम), दोन्हीकडं मूळ सेटिंगमध्ये प्राइस कोटला 75 असतं. ज्यांच्याकडं चार मीटिंगा, गरज समजून घेणं, निर्णय घेणारा माणूस शोधणं, हे सगळं होऊन शेवटी कोटेशन जातं, त्यांना ते शोभतं. आपल्याकडं कोटेशन कधी मागतात? पहिल्या चहाला! वरून अनुदानाच्या फाइलला तीन कोटेशनं लागतात. तुमचं त्यातलं तिसरं असेल, नुसतं तुलनेला जोडलेलं, तर त्याची शक्यता 75 टक्के नाही, शून्य आहे. तुमच्या पोरांना विचारा, फाइलला जोडायला कोटेशन मागितलं होतं की खरंच यंत्र घ्यायला. त्यांना ते माहीत असतं, फक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहायला रकाना नसतो.

दुसरं असं की साडेदहा लाख हा आकडा कधीच येणार नाही. 14 येतील नाहीतर काहीच येणार नाही. शेकडो डील असतील तर टक्क्यांनी गुणून केलेली बेरीज खऱ्याच्या जवळ जाते. महिन्याला पाच-सहा डील असतील तर एकच हुकलं की सगळी बेरीज झोपते. (आमच्याकडं गाड्यांचे पार्ट. गिऱ्हाईकच शेड्यूल देतं, त्यामुळं हा ताप आम्हाला कमी. आमचा ताप वेगळा, शेड्यूल आदल्या रात्री बदलतं.)

कोरडवाहू :

एआय घेऊन टाका. माणसापेक्षा बरंच कळतं त्याला.

गोदाकाठचा गडी :

वरच्या प्रतिसादाला : कशावरून कळेल, तेही सांगा की. झोहोचा एआय झिया असो नाहीतर सेल्सफोर्सचा आइन्स्टाइन, दोन्ही तुमच्याच जुन्या डीलवरून शिकतात आणि दोन्ही वरच्या प्लॅनमध्ये मिळतात. ताईंकडं दोन वर्षांचं रजिस्टर. त्यात एक वर्ष भाव पडलेलं. त्यावरून ते काय शिकणार?

आम्ही नांदेडला ओडू वापरतो (पंप आणि पाइपचं दुकान). त्यात डीलची शक्यता स्टेजवरून ठरवायच्या ऐवजी तुमच्या जिंकलेल्या आणि हरलेल्या जुन्या डीलवरून काढतात. संख्याशास्त्रातली नाइव्ह बेज नावाची साधी पद्धत आहे, जादू काही नाही. बरं वाटतं ते. पण माझं घोडं अडलं कुठं, तर हरलेली डील कुणी 'लॉस्ट' करतच नव्हतं. आपल्याकडं गिऱ्हाईक तोंडावर नाही म्हणत नाही ना. "बघू की", "दसरा होऊ द्या", "तूर निघू द्या". पोरगा म्हणतो, नाही कुठं म्हणालेत अजून? मग सिस्टिमला हरलेलं दिसणार कुठून? तिला वाटतं आपण सगळीकडं जिंकतोय. शेवटी मी नियम केला : 120 दिवस हालचाल नाही, तर लॉस्ट. गिऱ्हाईक परत आलं तर नवीन डील उघडायची. पोरं महिनाभर रुसली होती.

मांजराकाठ :

"बघू की" ही आमच्याकडंही वेगळी स्टेजच करावी लागेल :) आणि वेळा अमावस्येच्या (आमच्याकडचा शेतातला सण) आठवड्यात फोन केला तर तीही नाही, "शेतात या आंबील प्यायला" एवढंच.

टॅलीतला माणूस :

मी अकाउंटवाला, म्हणून रुक्ष बोलतो. ट्रायलमध्ये तुम्ही स्क्रीन बघताय, आकडे तपासत नाही. फोरकास्टची यादी आज उघडली की आजची स्थिती दिसते. 1 ऑगस्टला तुम्ही काय धरलं होतं ते तारीख बदलली की पुसलं जातं. मग अंदाज किती चुकला हे कळणार कसं? दर महिन्याच्या 1 तारखेला यादी एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. गिऱ्हाईक, रक्कम, तारीख, बस. महिना संपला की टॅलीतल्या विक्री बिलांशी ताडून बघा. तीन महिन्यांत कोणता पोरगा फुगवून सांगतो आणि कोणता हातचं राखून सांगतो ते कळतं. बँकेलाही तोच कागद दाखवा, मॅनेजर लोकांना सॉफ्टवेअरच्या रंगीत चार्टपेक्षा बिलाशी जुळलेला आकडा जास्त पटतो.

तारीख किती वेळा ढकलली हे मोजायला सेल्सफोर्समध्ये 'पुश काउंट' म्हणून तयार रकाना मिळतो. झोहोत तो आपण वर्कफ्लो (आपोआप चालणारा नियम) लावून करून घ्यायचा.

वाळूजचा पाना :

+1. आणि टक्के सोडून सरळ वर्ग वापरा. हबस्पॉट आणि सेल्सफोर्समध्ये 'कमिट' (नक्की होणार) आणि 'बेस्ट केस' (सगळं जमलं तर) असे वर्ग मिळतात. अट एकच ठेवा : ॲडव्हान्स खात्यात जमा झाल्याशिवाय कमिट नाही. अध्यक्षांनी कितीही शब्द दिला तरी.

मांजराकाठ :

तीन दिवस रजिस्टर घेऊन बसले होते, म्हणून उशीर झाला. दोन वर्षांत 46 कोटेशनं गेली, यंत्रं विकली गेली 11. म्हणजे साधारण 24 टक्के, आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं 75. ॲडव्हान्स 12 जणांनी दिला, त्यातल्या एकाने कर्ज नामंजूर झालं म्हणून परत मागितला, बाकी अकराही यंत्रं गेली. पोरांना विचारलं, 46 मधली फाइलला जोडायची किती? नांदेडचा पोरगा हसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही विचारलंच नव्हतं कधी." त्याच्या 15 पैकी 9 तशीच होती.

सध्या झोहोचा खालचा प्लॅन घेतलाय. स्टेज चारच ठेवल्यात : चौकशी, फाइलचं कोटेशन, खरं कोटेशन, ॲडव्हान्स. फाइलचं कोटेशन फोरकास्टमधून वगळलंय. गंगाखेडचं युनिटही वगळलं, पूर्वसंमतीचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं की परत घेईन. एवढं केल्यावर पुढच्या तिमाहीचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. अण्णांना दाखवला तर म्हणाले, "मी एवढाच सांगितला असता."

आता एकच अडलंय. तो ढकललेल्या तारखा मोजायचा वर्कफ्लो कुणी झोहोत लावलाय का? मी लावला तर डीलमध्ये काहीही बदललं, नुसता फोन नंबर दुरुस्त केला, तरी आकडा एकाने वाढतोय.

टॅलीतला माणूस :

तुमचा नियम डीलमधल्या कुठल्याही बदलावर चालतोय. तो फक्त 'क्लोजिंग डेट' हा रकाना बदलल्यावर चालेल असा लावा. आणि तारीख मागे आणली तर मोजू नका, तेवढी अट नियमाच्या फंक्शनमध्ये (छोट्या कोडमध्ये) टाकावी लागेल. उद्या दुकान बंद झाल्यावर स्क्रीनशॉट टाकतो.