फक्त गाठ काढायची की पूर्ण स्तन? आईला कसं समजावू, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई ५९ वर्षांची आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. डाव्या स्तनात गाठ लागली, दोन सेंटीमीटरच्या आतलीच, पण बायोप्सीत कॅन्सर निघाला. परळला टाटामध्ये दाखवलं. सर्जन म्हणाले पूर्ण काढायची गरज नाही, गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढू, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) तपासायला घेऊ आणि नंतर रेडिएशन. आईला पटलंही होतं हो, पण रविवारी मावशी आली आणि म्हणाली "अर्धवट कशाला ठेवतेस, एकदाचं सगळं काढून मोकळी हो, लाईट (रेडिएशन) घ्यायची कटकट पण वाचेल". झालं, तेव्हापासून आईचं तळ्यात मळ्यात. पोळ्या लाटता लाटता लाटणं थांबवते आणि विचारते, आत काही राहिलं तर गं?

मी वाचलंय की मिलान आणि अमेरिका, दोन्हीकडच्या ट्रायलचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले आणि गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण काढलेल्यांइतक्याच जगल्या. पण आईला मिलान सांगून काय उपयोग, तिला समोर बोलणारं माणूस लागतं.

रेडिएशनच्या १५ सिटिंग बहुतेक, सोमवार ते शुक्रवार. रोज लोकलने झेपेल का? डावी बाजू म्हणजे हृदयाला धोका का? आणि नातू सारखा मांडीवर असतो तिच्या, त्याला लांब ठेवायचं का?

प्रतिसाद १
ताई, माझं डाव्याच बाजूचं झालंय. मावशींना एवढंच सांगा की पूर्ण काढलं तरी लाईट चुकतीलच असं नाही, काखेतल्या गाठींमध्ये पसरलेलं निघालं तर तेव्हाही बहुधा घ्यावी लागते. आत राहण्याचं म्हणाल तर काढलेल्या तुकड्याच्या कडा मायक्रोस्कोपखाली बघतात, कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर परत थोडं काढतात, काहींना तेव्हा पूर्ण काढायला सांगतात. हे आधीच विचारून ठेवा.

हृदयासाठी मला श्वास भरून रोखायला शिकवलं होतं, छाती फुगली की हृदय जरा लांब जातं. मशीन काही मिनिटांचंच, दुखत नाही, वाट बघण्यातच वेळ जातो. शेवटी शेवटी थकवा येतो आणि कातडी काळवंडते, सैल सुती ब्लाउज घालायचा, तिथे स्वतःच्या मनाने काही चोपडायचं नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं, कागद जवळ ठेवा. नातवाला खुशाल घ्या मांडीवर, बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही. (माझ्या सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलेलं, असो.)

एका आठवड्यात ५ सिटिंगचीही पद्धत आलीये, आईंना चालेल का ते रेडिएशनवाल्या डॉक्टरांनाच विचारा. आणि त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

धागाकर्ती
व्यनि केलाय ताई. दुपारी चारनंतर चालेल? मावशीलाही स्पीकरवर बसवते.