१ मेच्या यादीत थोडी भर
१ मेला महाराष्ट्रात काय काय घडलं, याच्या यादीत १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, एवढंच आलंय. पण १९६२ मध्ये याच तारखेला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावाकडचे रस्ते त्यांच्याकडे आले. खेड्यात मंत्रालयापेक्षा झेडपी जवळची वाटते ती उगाच नाही!

१९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, हे जिल्हेही १ मेचेच. त्यातल्या सिंधुदुर्गाचं मोल तिथल्यांनाच कळेल. त्याआधी सावंतवाडीकराला कलेक्टर कचेरीत काम निघालं की थेट रत्नागिरी गाठावी लागे. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, म्हणजे भिस्त एसटीवर. साहेब जागेवर नसले तर मुक्कामच.