कार्बन नॅनोट्यूबचा उजेड मंद: दोषी एक्सायटॉन की आणखी कोणी?

तिमिरभेदी:
अर्धवाहक नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) सुट्या करून पाण्यात तरंगत ठेवल्या तरी शंभर फोटॉन गिळून साधारण एखादाच परत देतात. इतका कंजूष पदार्थ उद्याचा प्रकाशस्रोत म्हणून कशाला मिरवायचा?

माझ्या मते दोष एक्सायटॉनचा. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वर जातो, मागे धनभारित होल उरतं, आणि दोघं एकमेकांना सोडत नाहीत; ही जोडी म्हणजेच एक्सायटॉन. नळीची जाडी जेमतेम १ नॅनोमीटर. त्यांच्यातलं आकर्षण अडवायला आजूबाजूला पदार्थच नाही. म्हणून बंधन ऊर्जा ३०० ते ४०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात ती ४ च्या आसपास असते. या घट्ट जोडीच्या सर्वांत खालच्या १६ अवस्था, त्यातली उजेड देणारी फक्त १. शिवाय एक काळी (उजेड न देणारी) अवस्था तिच्याही खाली दबा धरून बसलेली. मग उजेड येणार कुठून?

रेणुका_प्र:
असहमत. १६ पैकी १ हा हिशेब ऐकायला भारी, पण फसवा. त्यातल्या १२ ट्रिप्लेट आहेत, म्हणजे फिरक्यांच्या (स्पिन) जुळणीमुळे उजेड न देणाऱ्या, आणि प्रकाशाने उठवलेला इलेक्ट्रॉन सहसा फिरकी बदलत नाही, म्हणजे तिकडे फारसं कोणी जातच नाही. तुमची ती काळी अवस्था काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच खाली आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा २५ असते, त्यामुळे एक्सायटॉन सहज वर-खाली करतो. अतिथंड प्रयोगात तुमचा मुद्दा मान्य. तिथे चुंबकीय क्षेत्र लावल्यावर उजेड वाढतोच.

खरा घोळ भटकंतीचा. एक्सायटॉन मरण्याआधी नळीवर शेकडो नॅनोमीटर फिरू शकतो. वाटेत नळीच्या रचनेतला एखादा दोष किंवा नळीचं टोक लागलं की ऊर्जा उष्णतेत जाते. आखूड नळ्या जास्त मंद का, याचं उत्तर इथे आहे. २००९ मध्ये नळीभोवतीचं आवरण इतकं घट्ट बसवलं की ऑक्सिजन आत शिरेना, आणि उत्सर्जन २० टक्क्यांवर गेलं. एक्सायटॉन तोच होता ना?

तिमिरभेदी:
तोच होता, आणि भटकत कोण होतं? तोच! एकाच मितीत पुढे-मागे फिरणाऱ्याला एक दोष पुरतो, वळसा घालून जायला जागाच नाही.

जुना_वाचक:
एक्सायटॉन असतो याला पुरावा काय, असं कुणी विचारण्याआधी: २००५ चा दोन-फोटॉन प्रयोग वाचा. दोन फोटॉन एकदम शोषून गाठलेली पातळी उत्सर्जनाच्या पातळीपेक्षा बरीच वर निघाली. इलेक्ट्रॉन आणि होल मोकळे असते तर एवढी दरी दिसली नसती.

आणि २००२ विसरू नका. त्याआधी नळ्या जुड्यांमध्ये चिकटलेल्या असायच्या, शेजारची धातुगुणी नळी ऊर्जा खेचून घ्यायची आणि उजेड जवळपास शून्य. राइस विद्यापीठात त्या सुट्या केल्या, तेव्हा चमकल्या. म्हणजे दोष शेजाऱ्यांचाही.

क्वांटमवेडा:
तुम्ही दोघं दोषाला शिव्या घालताय म्हणून गंमत वाटली. २०१३ मध्ये नळीवर मुद्दाम रासायनिक दोष बसवले, मोजकेच, आणि उजेड २८ पटींपर्यंत वाढला! दोषाजवळ ऊर्जेचा खड्डा तयार होतो. भटकणारा एक्सायटॉन त्यात अडकतो आणि टोकाला जाऊन विझण्याऐवजी तिथेच, थोड्या लांब तरंगलांबीवर फोटॉन सोडतो. २०१७ मध्ये अशाच दोषांतून खोलीच्या तापमानाला एकेक सुटा फोटॉन मिळाला, तोही प्रकाशतंतूंना मानवणाऱ्या तरंगलांबीवर. भटकंती नसती तर इतक्या लांबून ऊर्जा गोळा कशी झाली असती?

रेणुका_प्र:
+१, पण 'मोजकेच' ठळक करा. जास्त दोष बसवले की नळीच बिघडते.

तिमिरभेदी:
२८ पट कशाच्या? मुळात एक टक्क्याच्या आसपास असलेल्याच्या. शिवाय तुमचे सगळे दाखले प्रकाश टाकून प्रकाश काढण्याचे. वीज देऊन बघा. इलेक्ट्रॉन आणि होल दोन टोकांकडून येतात, फिरक्या कशाही जुळतात, चारपैकी तीन जोड्या ट्रिप्लेट. १६ पैकी १ हा माझा हिशेब तिथे फसवा राहत नाही, रेणुकाताई. प्रवाह वाढवला तर एकाच नळीवर दोन एक्सायटॉन समोरासमोर येतात, एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन संपतो. वाढीव वीज गेली उष्णतेत.

क्वांटमवेडा:
दिवा करायचा असेल तर हरलो. पण एका वेळी एकच फोटॉन हवा असलेल्याला ती टक्कर सोयीचीच आहे: दोन आले तरी उरतो एकच.